नऊ दिवसांची गाडी

आमच्या घरी भात कधी एकसारखा शिजला नाही. नाना, म्हणजे माझे वडील, भिक्षुकी करत. पूजा सांगून परत येताना त्यांच्या पिशवीत निरनिराळ्या घरांचा तांदूळ असे आणि आई तो सगळा एकाच डब्यात ओतत असे. त्यामुळे पातेल्यातली काही शितं गळून जात आणि काही दाताखाली कडक लागत. आमच्या भागात भाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात. आमच्या घरी मात्र वांग्याच्या भाजीतही ओलं खोबरं असे, कारण फळीवरची नारळांची रांग कधी संपत नसे. सकाळी पाचला सहाणेवर चंदनाचं खोड फिरल्याचा आवाज येई, मग बंबात ढलप्या सारल्याचा, आणि शेवटी नाना पिशवीतली घंटा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळत. एसटीत घंटा वाजली की लोक वळून बघतात, ते त्यांना आवडत नसे. फडक्याची तिसरी घडी पडली की मी कूस बदलत असे. मी तेव्हा परभणीत एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार होते. नानांचं काम दुपारी संपायचं आणि माझं दुपारी सुरू व्हायचं. सकाळी घरात काम नसलेली मी एकटीच होते, आणि पुढे जे घडलं त्याची सुरुवात इथे आहे असं मला वाटतं. मोकळ्या सकाळी माणसाला परोपकाराच्या कल्पना सुचतात.

नानांची गावं ठरलेली होती. पिंगळी आणि चुडावा रेल्वेने, देवगाव फाट्यापलीकडची दोन गावं एसटीने, आणि स्टेशन किंवा फाट्यापासून पुढे पायी. त्यांचा उजवा गुडघा त्या वर्षी बोलायला लागला होता. नाना स्वतः त्याबद्दल काही बोलत नसत, पण ते उंबरा ओलांडायचे तेव्हा गुडघ्याचा आवाज आतल्या खोलीत येत असे. त्यात चुडाव्याला एका घराची वास्तुशांती होती. पॅसेंजर पूर्णा स्टेशनात तासभर उभी राहिली, मुहूर्त टळायला आला आणि घरमालकाने घाबरून पूर्णेहून मोटारसायकलवाल्या एका तरुण गुरुजींना बोलावून घेतलं. नाना पोहोचले तेव्हा पंगत बसली होती. ते हात धुऊन पंगतीत बसले, जेवले, आशीर्वाद दिला आणि परत आले. आईने विचारलं, "झालं का नीट?" नाना म्हणाले, "बुंदी चांगली होती." एवढंच. पण त्या रात्री त्यांनी भात टाकला. भिक्षुकाचं गाव एकदम सुटत नाही. आधी एक घर सुटतं, मग त्याच्या शेजारचं. मोटारसायकलवाले गुरुजी वेळेवर येतात हे चुडाव्याला कळलं होतं, आणि नानांचं वय वाढायचं होतं. गावं टिकवायची तर नानांना वाहन हवं होतं. मी ते घेऊन द्यायचं ठरवलं.

जिंतूर रस्त्यावर गव्हाणे शेठचं जुन्या गाड्या विकण्याचं दुकान होतं. शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडी देताना पूजा करून देत, आणि पूजा नाना सांगत. एकशे एक रुपये आणि फुटलेल्या नारळाचं अर्धं. नानांनी तिथे किती गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली असतील याचा हिशेब नाही. बोनेटवर स्वस्तिक काढून, स्टिअरिंगला नाडा बांधून ते गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देत आणि घरी पायी येत. हे दृश्य मला अन्यायाचं वाटे. नानांना ते तसं कधी वाटलं नाही, हे मी तेव्हा विचारलं असतं तर कळलं असतं.

गाडी पांढरी होती, पाच माणसांची, मागच्या दारावर पोपटी रंगाचा लांब ओरखडा असलेली. किंमत एक लाख चाळीस हजार. माझ्याकडे चाळीस होते. उरलेल्या लाखाचं कर्ज शेठच्याच दुकानात मिळणार होतं. दुकानाच्या कोपऱ्यात पंख्याखाली एक टेबल होतं आणि तिथे सलीमभाई बसत. ते दोन-तीन फायनान्स कंपन्यांचं काम बघत. चाळिशीचे, हळू बोलणारे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी माझं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी आणि बँकेचं पासबुक घेतलं आणि वर बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही 'घरखर्च' लिहिता ना पुरवणीत? फोटो येतो तुमचा."

मी होय म्हणाले. ते सदर मी लिहीत असे. कार्यालयात येणाऱ्या बँकांच्या प्रसिद्धिपत्रकांतून चार मुद्दे उचलायचे, वर 'अनेकांना माहीत नसतं की' असं लिहायचं आणि खाली माझा हनुवटीला हात लावलेला फोटो.

"'हप्ता चुकवू नका' वाला लेख मी इथं चिकटवलाय," सलीमभाईंनी टेबलाच्या काचेखाली बोट दाखवलं. "गिऱ्हाईक फार बोलायला लागलं की दाखवतो."

काचेखालून मी माझ्याकडे बघत होते. आता इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती मी त्या दिवशी नोंदवली नाही. नोकरी लागल्यावर मी हप्त्यांवर लॅपटॉप घेतला होता. मग कार्यालयाने तीन महिने पगार लांबवला, माझे तीन हप्ते चुकले, आणि वसुलीवाल्याचा नंबर मी मोबाइलमध्ये 'जिंतूरच्या काकू' नावाने साठवला, म्हणजे जेवताना फोन वाजला तरी आई संशय घेणार नाही. जिंतूरच्या काकू दिवसातून सहा वेळा फोन करत. आई म्हणायची, "अगं, उचल की, बाई आजारी असेल." शेवटी कंपनीने निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटवायची तयारी दाखवली. मला ती सूट वाटली. मी पैसे भरले, मिटल्याचं पत्र घेतलं आणि ते लॅमिनेट करून ठेवलं. 'हप्ता चुकवू नका' हा लेख मी त्याच लॅपटॉपवर लिहिला.

गाडीचा मुहूर्त नानांनी काढला. पंचांगात बोट घालून ते म्हणाले, "गुरुवारी सकाळी दहा बारा ते अकरा चाळीस. त्यानंतर गुरूचा अस्त लागतो. मग महिनाभर नाही." सलीमभाईंनी सांगितलं की मंजुरीला पाच-सहा दिवस लागतील. कोणताही व्यवहारी माणूस म्हणाला असता की मग गाडी महिनाभराने न्यावी. आम्ही तिघेही, म्हणजे नाना, मी आणि शेठ, असं म्हणालो नाही. नानांनी आयुष्यभर लोकांना मुहूर्त पाळायला लावले होते, स्वतःच्या गाडीला ते अपवाद कसा करणार? मला चुडावा दिसत होतं. आणि शेठला चाळीस हजार दिसत होते.

"नाना, तुमचा मुहूर्त मी मोडू का?" शेठ म्हणाले. "गाडी घेऊन जावा. मंजुरी येईल मागून. ताई, तुमी फक्त ह्या चार कागदांवर सह्या करून ठेवा."

कागद कोरे होते. मी रोज संध्याकाळी 'कोऱ्या कागदावर सही घेऊन फसवणूक' अशा बातम्या लिहिणारी बाई होते. मी सह्या केल्या. अक्षर चांगलं यावं म्हणून सलीमभाईंचं पेन मागून घेतलं.

नानांनी स्वतःच्या गाडीची पूजा स्वतःच सांगितली. यजमान म्हणून मी बसले. शेठनी सवयीने एकशे एक रुपयांचं पाकीट नानांपुढे धरलं आणि नानांनी सवयीने घेतलं. आईने अडीच किलो पेढे आणले होते. आमची गल्ली, देवळाची आळी, माझं कार्यालय, शाळेतल्या माझ्या दोन बाई, दूधवाला, एवढ्या लोकांना पेढे गेले. मंजुरी न आलेल्या गाडीचा पेढा ज्यांनी खाल्ला त्यांची यादी मी मनातल्या मनात पुढे बऱ्याचदा केली.

नऊ दिवस गाडी आमची होती. मी एकवीस दिवसांच्या वर्गात चालवायला शिकले होते आणि मागे घ्यायला शिकले नव्हते. त्यामुळे गावात शिरताना मी आधी बाहेर पडायचा रस्ता शोधत असे. तो नसला की चारजण गाडी ढकलून वळवून देत. नाना पुढे बसत, मांडीवर पिशवी घेऊन, आणि रस्त्यात खड्डा दिसला की "नारायण" म्हणत. घंटा आता फडक्यात गुंडाळायची गरज नव्हती, तरी ते गुंडाळत. पिंगळीला गयाबाई म्हणून नानांच्या जुन्या यजमानीण होत्या, तीस एकरांची शेती एकटीने सांभाळणाऱ्या. त्यांनी गाडीच्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "लेकीनं घेतली व्हय? लय बेस केलं. गुरुजी स्टेशनापून चालत याचे तर मला पान्याचा तांब्या घिऊन वाटंवर बसावं वाटायचं." चुडाव्याला आम्ही मुहूर्ताच्या तासभर आधी पोहोचलो. तरुण गुरुजींची मोटारसायकल एका दारात उभी होती. नानांनी तिच्याकडे बघितलं नाही. मी बघितलं आणि हॉर्न वाजवला. त्याची गरज नव्हती.

सहाव्या दिवशी सलीमभाईंचा फोन आला. मी कार्यालयात होते, पाणीपुरवठ्याची बातमी टाइप करत होते.

"मॅडम, एकट्या आहात का?"

मी गॅलरीत गेले.

"तुमचा कर्जफेडीचा स्कोअर काढला. नऊशेपैकी पाचशे बेचाळीस आहे. त्या लॅपटॉपचं कर्ज तुम्ही अर्ध्यावर मिटवलंय."

"मिटवलंय ना. पत्र आहे माझ्याकडे."

"त्यालाच तर वाईट म्हणतात मॅडम. कंपनीचं नुकसान झालं असं रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असतं." मग काचेवर पेन वाजल्याचा आवाज आला. "काचेखालचा तुमचा लेख काढून ठेवू का?"

मी म्हणाले, असू द्या. लेखात काही चूक नव्हती.

सलीमभाईंनीच मार्ग सुचवला. अर्ज नानांच्या नावाने करायचा, मी सहअर्जदार. नानांनी आयुष्यात कर्ज घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा स्कोअर उणे एक येत होता. म्हणजे वाईट नाही आणि चांगलाही नाही, यंत्राच्या दृष्टीने नाना जन्मलेच नव्हते. अशा माणसाच्या घरी कंपनीचा माणूस पडताळणीला येतो, उत्पन्न विचारतो, शेजाऱ्यांशी बोलतो. त्याचं समाधान झालं तर होऊ शकतं. मी घरी जाऊन नानांना सांगितलं की कागदपत्रांसाठी वडिलांचं नाव लागतं. हे वाक्य मी रस्त्यात तीनदा म्हणून बघितलं होतं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. मला आजही ते वाक्य तांत्रिकदृष्ट्या चांगलं वाटतं.

"उत्पन्न विचारतील," मी म्हणाले. "अठरा हजार म्हणा."

"इतके येतात का आपल्याला?"

"धान्य, नारळ धरून येतात, नाना."

"बरं," नाना म्हणाले. "अठरा म्हणू."

पडताळणीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. नांदेडचा होता, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात कंपनीचं कार्ड. आईने त्याला सतरंजीवर बसवलं, चहा दिला, खोबऱ्याच्या वड्या दिल्या. त्याने गुडघ्यावर फॉर्म ठेवला.

"गुरुजी, महिन्याचं उत्पन्न किती?"

"कोणत्या महिन्याचं?"

"सरासरी सांगा."

"चातुर्मासात वेगळं असतं. पौषात काहीच नसतं. अधिक महिना आला तर निराळंच."

"एकच आकडा लिहायचाय गुरुजी."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. नाना म्हणाले, "अठरा हजार म्हणायचं ठरलंय आमचं."

त्या माणसाने पेनाचं टोपण लावलं. आत आईच्या हातातली पळी थांबली. मी हसले, म्हणजे तोंडाने तसा आवाज काढला.

"आणि खरं किती?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"रोख म्हणाल तर आठ. कधी नऊ. बाकी वस्तू येतात."

"वस्तू म्हणजे?"

"तांदूळ, गहू, नारळ, सुपारी, खण."

त्याने फॉर्म उलटा केला. मागे 'इतर उत्पन्न' असा चौकोन होता. तो प्रामाणिक माणूस होता, मी त्याला दोष देत नाही. त्याने टोपण काढलं आणि विचारलं, "नारळ महिन्याला किती?"

"चाळीस धरा," आई आतून म्हणाली. "श्रावणात साठ." संसाराच्या तीस वर्षांत तिला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिने खणांची ट्रंक ओढून उघडली. हिरवे, तांबडे, मोरपंखी खण, कापडाच्या कोऱ्या वासासकट. "हे बघा. मोजले नाहीत, पण दीडशेला कमी नसतील."

"हे विकता का काकू?"

"अगं बाई! विकायचे कशाला? ओटीतले आहेत ते. कुणी आलं की आम्ही ओटी भरतो त्यातूनच."

"म्हणजे हे येतात आणि जातात."

"हो ना," आई आनंदाने म्हणाली.

त्याने काहीतरी लिहिलं. घर स्वतःचं का, असं विचारलं. नाना म्हणाले, देवस्थानचं. शेती? नाही. विमा? नाना म्हणाले, "परमेश्वर." मग स्वतःच म्हणाले, "ते लिहू नका."

तरीही आशा होती. दारात चपला घालताना तो मला म्हणाला, "ताई, माणसं चांगली आहेत. शेजारी एक-दोघं नीट बोलले तर मी जोर लावून बघतो." शेजारी मारोतीमामा होते. त्यांचा वीस-पंचवीस शेळ्या-मेंढ्यांचा कळप होता, आणि त्या वेळी ते आमच्या भिंतीला टेकून एका करडाच्या पायातला काटा काढत होते. मी खिडकीत उभी राहिले. मारोतीमामांना मी काही सांगून ठेवलं नव्हतं. बातमी दुसऱ्या माणसाकडून पक्की करून घ्यावी हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आपल्यालाही कुणी असंच पक्कं करून घेईल, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"मामा, गुरुजींची कमाई कशी काय आहे?"

मारोतीमामांनी करडू खाली सोडलं आणि ताठ उभे राहिले. गळ्यातल्या कार्डामुळे त्यांना हा माणूस सरकारी वाटला असावा आणि गुरुजींविरुद्ध तक्रार झाली असावी असंही वाटलं असावं.

"कमाई? कोन म्हनलं गुरुजी कमाई करतेत म्हनून? नाव सांगा त्याचं."

"तसं नाही मामा..."

"माझ्या दोन पोरींची लग्नं लावली, एक रुपाया मागितला न्हाई. दिलं तर घेतेत, न्हाई दिलं तर उठून जातेत. अख्ख्या परभणीत असा मानूस दावा मला. पैशाचं नाव काढू नका त्यांच्यापुढं. लय साधा मानूस हाय. लिव्हा, लिव्हा हे. मी सही देतो."

त्यांनी खरोखर सही दिली. कंपनीला तिची गरज नव्हती.

दोन दिवसांनी सलीमभाई फोनवर म्हणाले, "मॅडम, बारा वर्षांत असा रिपोर्ट बघितला नाही. त्यात नारळ आहेत." मग ते गंभीर झाले. "कारण लिहिलंय, उत्पन्न अनिश्चित. पण खरं सांगू का, सहअर्जदाराचा स्कोअर सातशेच्या वर असता तर नारळ पण चालले असते." दुसरी एक कंपनी तयार होती, पण तिचा हप्ता माझ्या पगारापेक्षा नऊशे रुपयांनी कमी होता. नऊशे रुपयांत पेट्रोलही बसत नव्हतं.

गाडी परत द्यायला नाना माझ्याबरोबर आले. शेठनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि चाळीस हजारांतले बारा हजार कापून घेतले, नऊ दिवसांचा वापर आणि पॉलिशचा खर्च म्हणून. मी सही केलेल्या कोऱ्या कागदांवर आता बराच मजकूर होता. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी हात वर केला.

"शेठ, पोरीला काही बोलू नका," ते म्हणाले. "तिचा पगार आहे, कागद आहेत, तिचं सगळं नीट आहे. माझंच कमी पडलं. आमचं उत्पन्न कागदावर मांडता येत नाही, त्याला ती काय करणार?"

सलीमभाईंनी टेबलावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या काचेवरचा चिकटपट्टीचा डाग नखाने खरवडत होते. ती काच आता माझी नव्हती. सलीमभाईंनी पुन्हा कागदांत डोकं घातलं. त्या संध्याकाळी कार्यालयात मी आदल्या दिवशीच्या अंकातली एक चूक दुरुस्त केली, एका सरपंचाचं आडनाव, चौकटीत, दिलगिरीसह.

पुढच्या घटना माझ्या कर्तबगारीशिवाय घडल्या. नाना गाडीची गोष्ट गावोगाव सांगू लागले. त्यांना ती विनोदी वाटत असे. 'अठरा हजार म्हणायचं ठरलंय' हे ते माझ्यापेक्षा चांगलं सांगत, आईच्या ट्रंकेचा अभिनय करत, आणि शेवटी म्हणत, "माझी ऐपत कमी पडली, गाडी गेली." गोष्ट आमच्या आधी पोहोचत होती. पिंगळीहून गयाबाईंचा मुलगा स्टेशनवर मोटारसायकल घेऊन उभा राहू लागला. चुडाव्याहून जीप येऊ लागली. एकदा ट्रॅक्टर आला, आणि नाना मडगार्डवर बसून पंचांग छातीशी धरून गेले. नानांना चालायला त्रास होतो हे लोकांना तोवर माहीत नव्हतं, कारण नानांनी कधी सांगितलं नव्हतं. देवगाव फाट्यापलीकडची दोन्ही गावं मात्र सुटली ती सुटलीच. तिकडे गोष्ट उशिरा पोहोचली.

मी आता चाळिशी ओलांडली आहे. स्कोअर सुधारायला मला सहा वर्षं लागली. त्यानंतर एक गाडी घेतली, रीतसर, आणि मंजुरी हातात आल्याशिवाय आईला पेढे आणू दिले नाहीत. नाना ऐंशीला टेकले आहेत आणि महिन्यातून तीन-चार पूजा सांगतात. मी सुट्टी काढून त्यांना नेते. गेल्या मार्गशीर्षात आम्ही पिंगळीला निघालो होतो. रेल्वे फाटक पडलेलं होतं. मागच्या सीटवर चुडाव्याच्या यजमानांचा जावई होता, त्याला वाटेत सोडायचं होतं. नानांनी त्याला गोष्ट सांगायला घेतली आणि 'माझी ऐपत कमी पडली' या वाक्यापर्यंत आले. ते वाक्य मी पंधरा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल ते मला सांगता येणार नाही. जावई उतरून गेल्यावर मी सगळं सांगितलं. लॅपटॉप, जिंतूरच्या काकू, लॅमिनेट केलेलं पत्र, पाचशे बेचाळीस. बातमी सांगावी तसं सांगितलं, मला दुसरी पद्धत येत नाही.

नाना मांडीवरची पिशवी सारखी करत समोर बघत होते. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे, जुनं झालं. किंवा डोळ्यांत पाणी येईल. मी दोन्हींची तयारी केली होती.

"म्हणजे नारळांमुळे नाही?" ते म्हणाले.

"नारळांमुळेही. पण आधी माझ्यामुळे."

"आणि मी इतकी वर्षं गावोगाव काय सांगायलोय?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, नाना."

"तुला होतं ना? बाजूला उभं राहून ऐकायचीस की. हसायचीस वर." त्यांचा आवाज चढला. गाडी गेल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. यजमानांच्या घरात, पूजेच्या पाटावर बसून आपण खोटं सांगितलं, हे त्यांना सोसत नव्हतं. "ज्या ज्या घरी मी सांगितलंय, त्या त्या घरी तू सांगायचंस. माझ्यासमोर. आधी पिंगळी."

गयाबाई आता ओसरीतच बसलेल्या असतात. ऐकू कमी येतं, नजर शाबूत आहे. पूजा झाली, प्रसाद झाला, सुनेने दक्षिणेचं पाकीट ताटात ठेवलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी गयाबाईंच्या कानाशी वाकून मोठ्या आवाजात सांगितलं की ती गाडी गेली ती नानांना कमी पडलं म्हणून गेली नव्हती, माझ्या चुकीमुळे गेली होती. दोन-तीन शेजारणी प्रसादाला आल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. 'स्कोअर' म्हणजे काय हे सांगताना मला माझ्या जुन्या लेखातलीच वाक्यं आठवली आणि तीच वापरली.

गयाबाईंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग नानांकडे वळल्या.

"म्हंजी गुरुजी, तवा तुमाला कमी पडत न्हवतं?"

"नव्हतं, गयाबाई. भागत होतं."

"आता बघा," गयाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, मानसाची गाडी गेली, तोंडानं तर कदी मागायचे न्हाईत. म्हनून त्या सालापून मी एकशे एकाचे पाचशे एक केले. चुडाव्याला माझी भन हाय, तिला बी सांगितलं. तिनं तिच्या भावकीत सांगितलं. समद्यांनीच वाढवले की."

नाना पाटावर होते तसे बसून राहिले. सुनेने ताटातल्या पाकिटाकडे एकदा बघितलं.

"मग हे..." नानांनी पाकिटाकडे हात केला, पण उचलण्यासाठी की परत सारण्यासाठी, ते त्यांचं ठरत नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," गयाबाई म्हणाल्या. "आता कमी केले तर सून म्हनंल म्हातारी चिंगूस झाली."

नानांनी पाकीट उचललं, कपाळाला लावलं आणि पिशवीत ठेवलं. गाडीपर्यंत ते माझ्या खांद्याला धरून चालत आले. मी गाडी मागे घेतली, आता मला घेता येते, आणि मोठ्या रस्त्याला लागले. पुढचं घर चुडाव्याचं होतं. पूर्णा मागे पडली. चुडाव्याची पाटी दिसली तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"वैजू," ते म्हणाले, "इथं नको सांगूस."